काशीमायची तेरवी

मनकर्णा जिवंत होती, चांगली धडधाकट होती, दत्तोपंतांच्या दुकानातल्या बाकावर बसून बशीतला चहा फुंकत होती. आणि त्याच वेळी तिच्यापासून चार हातांवर उभ्या असलेल्या माणसानं तिच्या फोटोला हात जोडले.

दत्तोपंतांचं दुकान नागपूरच्या महालात. नाटकाचे पडदे, राजांचे अंगरखे, दाढ्या-मिशा, टोप, तलवारी आणि बाया तिथं मिळत. बाया म्हणजे नाटकात काम करणाऱ्या, पण गावाकडची मंडळी मागताना तशीच मागायची, ‘पडदे चार, तलवारी सहा, बाया तीन.’ दिवाळी झाली की भंडारा-चांद्याकडच्या धानाच्या मुलखात गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईला नाटक झालं नाही तर त्या गावाला चारचौघांत मान वर करता येत नाही. पुरुषांची कामं गावातले शेतकरी आणि मास्तर हौसेनं करतात. बायकांच्या कामाला मात्र नागपूरच्याच बायका लागतात. त्यांचे फोटो दत्तोपंतांच्या आल्बमात चिकटवलेले असत. नाटक मंडळाचा अध्यक्ष बोटाला थुंकी लावून पानं उलटायचा, एखाद्या फोटोवर बोट ठेवायचा, की ठरलं. रीत काही मानाची नव्हती. पण सव्वीस वर्षं मनकर्णेचं घर त्याच बोटावर चाललं होतं.

त्या दिवशी ते बोट तिच्या फोटोपाशी येऊन थांबलं. अध्यक्षानं टोपी नीट केली, हात जोडले आणि सोबतच्या माणसाला हळूच म्हणाला, “गेली बिचारी. लय गुणाची बाई होती.” मग त्यानं पान उलटलं.

“अहो, ती बसून आहे ना तिथं!” दत्तोपंत ओरडले.

दोघांनी वळून पाहिलं. अध्यक्ष एक पाऊल मागं सरकला आणि मग, खोटं कशाला बोला, बराच ओशाळला. “तसं नाही बाई. तुमी हाय, हे मले मालूम हाय. पण डोयासमोर तेच येते ना,” तो म्हणाला. जाताना त्यानं यमुताई नावाच्या दुसऱ्या बाईच्या फोटोवर बोट ठेवलं. त्या हंगामात मनकर्णेच्या बाबतीत असं होण्याची ती पाचवी खेप होती.

यात दोष कोणाचा नव्हता. असलाच तर मनकर्णेच्या कसबाचा होता.

ती नागपूरच्याच पाचपावलीतल्या विणकराची लेक. घरात दोन माग, त्यांच्या खटखटीत वाढलेली. चौथीपर्यंत शिकली. सोळाव्या वर्षी शेजारच्या नाटकमंडळीतली एक बाई ऐन वेळी तापानं फणफणली, म्हणून हिला उभी केली. तालमी ऐकून ऐकून हिला सगळ्यांचीच भाषणं पाठ होती. त्या नाटकात पेटी वाजवणारा नत्थूजी पुढं तिचा नवरा झाला. दोघांनी मिळून धानाचा मुलूख पालथा घातला. ती राणी व्हायची, भिकारीण व्हायची, सासू व्हायची. सावकाराच्या ठेवलेल्या बाईचं काम तर असं करायची की गावातल्या खऱ्या सावकारांच्या बायका दुसऱ्या दिवशी नवऱ्याशी बोलत नसत. प्रयोग संपला की खोबरेल तेल चोळून तोंडाचा रंग पुसायचा आणि दुसऱ्या गावची वाट धरायची. रंगासोबत ती बाईही पुसली जायची. या धंद्याचा धर्मच तो, आणि मनकर्णेनं तो नीट पाळला होता.

मग पंच्याऐंशी साली मुंबईची काही मंडळी टीव्हीवरच्या मालिकेसाठी नागपुरात आली. त्यांना खेड्यातली दाई पाहिजे होती. मनकर्णेनं पहिलं वाक्य म्हटलं तेव्हा दिग्दर्शकानं कानावर हात ठेवले. तिचा आवाज सगळ्यांत मागं सोडलेल्या बैलगाडीपर्यंत पोचायच्या बेतानं घडलेला होता. “हळू, अजून हळू,” तो म्हणत राहिला. आठ दिवसांत तिनं आवाज उतरवला, हात आवरले आणि नुसत्या पापणीवर बोलायला शिकली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी असं सगळं मोडून नव्यानं शिकायला छाती लागते.

तिची ती दाई म्हणजे काशीमाय. तोंडाळ, चिडकी, स्वतःची कूस रिकामी आणि गावात कोणीही अडली की सगळ्यांत आधी निघणारी. दर मंगळवारी संध्याकाळी ती टीव्हीवर दिसायची आणि तेवढा वेळ गल्ल्या ओस पडायच्या. बर्डीच्या बाजारात भाजीवाल्या मनकर्णेच्या पिशवीत मेथीची जुडी जास्तीची टाकायच्या. लेकुरवाळ्या बाया ओळख ना पाळख, पोर तिच्या मांडीवर ठेवायच्या. सव्विसाव्या भागात पुराचं पाणी ओलांडून काशीमाय बाळंतपणाला गेली, पोर सोडवलं आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या मेली. घरातल्या कोणाच्या बराच वेळ लक्षातही येत नाही, असं ते दाखवलं होतं. नत्थूजीला सगळं आधीच ठाऊक होतं, तरी तो हुंदके देऊन रडला आणि शेजारी जिवंत बायको बसलेली आहे, हे बघून आणखीच रडला.

आणि मग ती तेरवी झाली.

उमरेडच्या पुढं हिवरी नावाचं एक गाव. तिथं ग्रामपंचायतीचा एकच टीव्ही, सगळं गाव त्याच्यापुढं बसायचं. काशीमाय मेली त्यापासून तेराव्या दिवशी गावातल्या बायजाबाई नावाच्या बाईनं तिची रीतसर तेरवी घातली. पेपरातला मनकर्णेचा फोटो कापून चौकटीत बसवला, त्याला हार घातला आणि बुंदी, पुरी अन् आलू-वांग्याच्या भाजीचं जेवण गावाला दिलं. नागपूरच्या एका पेपरात हाराच्या फोटोसकट ती बातमी छापून आली. मनकर्णेनं ती नत्थूजीला मोठ्यानं वाचून दाखवली. दोघंही पोट धरून हसले. नटीला याहून मोठा मान कोणता मिळतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढं. मुंबईची मंडळी निघून गेली. तिनं दोन पत्रं टाकली, त्यांना ‘योग्य भूमिका असल्यास कळवू’ असं एकच उत्तर आलं. नागपुरातल्या नाटकवाल्यांनी सांगितलं, तुम्ही कोणीही झालात तरी लोकांना काशीमायच दिसणार. उरला तो धानाचा मुलूख. तिथं तर हार घातलेला फोटो घरोघर पोचला होता. मंडई म्हणजे वर्षाचा सण, लेकी-सुना नटूनथटून येतात. तिथं तेरवी झालेली बाई कुंकू लावून उभी राहणार, हे बायकांना खपेना. “ते बाई नोको” असा निरोप घेऊनच अध्यक्ष नागपूरला यायचे.

घरात नत्थूजीच्या उजव्या हाताची बोटं दोन वर्षांपासून वळत नव्हती. पेटी कोपऱ्यात झाकून ठेवलेली. म्हणजे चूल पेटायची ती मनकर्णेच्याच कामावर. पण नुसत्या चुलीची गोष्ट असती तर ती कुठं तरी चार घरची भांडीही घासायला गेली असती, तिला कशाची लाज नव्हती. “मले रात्री झोपेत भाषणं येतात,” ती नत्थूजीला म्हणाली. “कोणाले म्हणू ते?”

तो अध्यक्ष गेल्यावर दत्तोपंतांनी आल्बम मिटला आणि तिच्याशेजारी येऊन बसले. “ऐका, मनकर्णाबाई. ज्या गावानं तुमची तेरवी घातली, त्याच गावानं तुम्हाला मंडईत उभं केलं, तर बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद होतात. हिवरीची मंडई सतरा तारखेला आहे. त्यांचं सावकाराच्या बाईचं काम अजून कोणाला दिलेलं नाही. जाऊन या एकदा. तिथं जमलं तर हंगाम तुमचा. नाही जमलं तर मग मी तरी काय करू?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनकर्णा गणेशपेठच्या स्टँडवरून उमरेडच्या एसटीत बसली. अंगावर हिरवंगार लुगडं, हातभर बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. जिवंत सवाष्ण कशी दिसते ते गावानं डोळे भरून पाहावं, असा तिचा बेत. उमरेडला गाडी बदलली. हिवरीच्या फाट्यावर उतरली तेव्हा दुपार झाली होती.

वेशीवरच्या पोट्ट्यांनी तिला पाहिलं आणि “काशीमाय आली! काशीमाय आली!” ओरडत गावभर धूम ठोकली. बाया दारांत आल्या. कोणी पुढं होईना, कोणी आत जाईना. एका म्हातारीनं मात्र तांब्या आणून, देवाला घालावं तसं, तिच्या पायांवर पाणी घातलं. बांगड्या, कुंकू, लुगडं, सगळं वाया गेल्याची खूण तिला तिथंच पटली.

नाटक मंडळाचे अध्यक्ष महादेवराव माणूस सरळ. त्यांनी तिला ओसरीवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माह्याकडून ना नाही, बाई. तुमच्यासारखी कलाकार आमच्या मंडईले मिळते कुठं? पण तेरवी बायजाबाईनं घातली. तिनं होय म्हनलं की गाव होय म्हणते. चला, तिलेच इचारू.”

बायजाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेरानं मजबूत, हात मिरच्यांनी लाल झालेले. तिनं मान वर करून पाहिलं आणि हात धुऊन आली. मनकर्णेला आत नेलं, पाट मांडला. महादेवराव दारातच थांबले. समोरच्या भिंतीवर मनकर्णेचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार. बातमीत पाहून हसणं वेगळं आणि त्याच्यासमोर पाटावर बसणं वेगळं.

“तुमी जित्या हाय, हे मले मालूम हाय,” बायजाबाई म्हणाली. “गावानं मले येडी म्हनलं. पण मी म्हनलं, टीव्हीतलं मरणं खोटं असन, माहं रडणं त खरं होतं ना?”

मग ती सांगत गेली. “माही माय दाई होती. तिकडं पवनीकडं. तुमच्यासारखीच तोंडाची फटकळ. ते गेली तवा मले सातवा महिना होता. सासरच्याईनं मले सांगतलंच नाही. तेरवी होऊन गेली, मंग समजलं. मायचं तोंड पाह्यलं नाही, तिच्या तेरवीचा घास तोंडात गेला नाही. सत्तावीस सालं झाले त्याले. त्या दिवशी टीव्हीत तुमी भितीले टेकल्या, आन् मले वाटलं, हे माहीच माय हाय. हिची तरी करू. म्हणून केली, बाप्पा.”

मनकर्णा येताना भाषण तयार करून आली होती. कलेची सेवा, रसिकांचं प्रेम असं बरंच काही. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. “मले तुमच्या मंडईत काम पाह्यजे,” ती एवढंच म्हणाली. “तुमच्या या हारापायी मले कोणी उभं करून नाही राह्यलं.”

बायजाबाई उठली, स्टूल ओढलं, त्यावर चढून तिनं फोटोवरचा हार काढला. “घ्या. मी केली ते माह्यापाशी राह्यली. तुमचं पोट काहून मारू मी? करा तुमी नाटक. मी सांगतो गावाले.”

“ठरलं तर मंग,” दारातून महादेवराव म्हणाले. “सतरा तारीख.”

मनकर्णेचा जीव भांड्यात पडला. सतरा तारीख, मग बाकीची गावं, मग सगळा हंगाम. ती उठायला लागली, पण बायजाबाई हार हातात धरून तशीच उभी होती.

“एक इचारू?” ती म्हणाली. “तुमाले नाही. तिले.”

मनकर्णेला कळलं नाही असं नाही.

“मायनं मले बोलावलं होतं का? का मी आली नाही म्हणून राग धरून गेली?”

आता यावर ‘मले कसं मालूम बाप्पा’ असं म्हणून सुटता आलं असतं. खरं उत्तर तेच होतं. पवनीकडची ती दाई मनकर्णेनं कधी पाहिलीही नव्हती. लिहून दिलेलं भाषण नव्हतं, आडून सांगणारं कोणी नव्हतं, आणि समोर सत्तावीस वर्षं थांबलेली बाई. मनकर्णा पुन्हा पाटावर बसली. यावेळी ती बसली ते एक गुडघा उभा धरून. तिचे खांदे खाली आले, मान जरा तिरपी झाली. हिरवं लुगडं, बांगड्या, कुंकू सगळं जागच्या जागी होतं, तरी त्या पाटावर कोणी सत्तरीची म्हातारी बसली आहे, असं महादेवरावांना दारातून दिसलं. पुढं कितीतरी वर्षं ते हे शपथेवर सांगत.

“येडी हायस का वं, बायजे?” काशीमाय खेकसली, पण आवाज खाली, घरातल्या घरात राहील एवढाच. “सात महिन्याचं पोट घेऊन बैलगाडीत हादरत आली असती, त मी काय केलं असतं? अख्ख्या मुलखाचे लेकरं सोडवले म्या, आन् माह्याच लेकीचं वाटेत सांडू देऊ? म्याच म्हनलं त्याइले, तिले सांगू नका.”

बायजाबाईनं हातातला हार खुंटीला अडकवला आणि दोन पावलं पुढं आली.

“राग कायचा वं त्यात? सांग, काय झालं? पोरगा का पोरगी?”

“पोरगा,” बायजाबाई म्हणाली.

“टाळू भरली होती का तेलानं? रोजच्या रोज?”

“भरली, माय.”

“मंग झालं त.”

बायजाबाईनं पाटाशी बसून तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि मोठ्यानं रडली. लहान पोरीसारखी, लाज न धरता. मनकर्णा तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. महादेवरावांनी टोपी काढून हातात घेतली होती.

बायजाबाई शांत झाली, डोळे पुसून चुलीकडं गेली, तरी मनकर्णा बसूनच होती. सतरा तारखेचा विचार करत होती. हीच बाई मंडपात पुढं येऊन बसणार. आणि आपण तोंडाला रंग थापून, केसांत गजरा माळून, सावकाराच्या गळ्यात पडणार. लोक हसतील, शिट्या मारतील. त्यांना काय! पण त्या गर्दीत बसलेल्या बायजाबाईला तेव्हा कळून चुकेल, की आज आपल्याशी बोलली ती माय नव्हती, ही होती. जिला कोणाचंही सोंग येतं, ती ही. सव्वीस वर्षांत शेकड्यांनी सोंगं मनकर्णेनं तेल लावून पुसली होती. हे एक आता पुसता येणार नाही, हे तिला समजलं, आणि समजलं तेव्हा तिला त्या बाईचा, त्या फोटोचा, स्वतःच्या कसबाचाही भयंकर राग आला. देवानं हे असलं कसब दिलंच नसतं तर काय बिघडलं असतं?

ती उठली. बायजाबाईनं खुंटीला अडकवलेला हार काढून घेतला, स्टुलावर चढली आणि आपल्या हातानं आपल्या फोटोला घातला. एका बाजूला कलला होता, तो सारखा केला.

“महादेवभाऊ,” ती खाली उतरत म्हणाली, “सतरा तारखेले दुसरी बाई पाहा. यमुताईचा फोटो हाय दत्तोपंताकडं. सावकाराची बाई चांगली करते ते.”

महादेवरावांनी आतल्या चुलीकडं पाहिलं आणि मान हलवली.

बायजाबाईनं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरण-भात, वांग्याची भाजी, ताटात वरून तेलाची धार. हार परत फोटोवर पाहून तिनं भात आणखी वाढला. निघताना तिनं लाल मिरच्यांचं गाठोडं हातात दिलं आणि वेशीपर्यंत सोबत आली.

परतीच्या एसटीत मनकर्णा खिडकीशी बसून रडली. तिच्या रडण्याला उगाच थोरपणा कशाला चिकटवायचा? हातात आलेलं काम आपणच सोडलं म्हणून ती रडली आणि आता पुढं काय या धास्तीनं रडली. ती पुन्हा नाटकात कधीच उभी राहिली नाही. दत्तोपंतांनी आल्बमातला फोटो सोडवून तिला परत दिला. पुढच्या जूनमध्ये पाचपावलीतल्या एका बालवाडीत लेकरं सांभाळायचं काम तिला मिळालं आणि ऐंशीचं दशक संपलं तरी ती तिथंच होती. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नत्थूजी दारातच बसला होता. दिवसभर त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. तिच्या हातातलं गाठोडं पाहून तो धडपडत उठला.

“काहून वं, मिळालं का काम?”

“मिळालं,” मनकर्णा म्हणाली. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं. “करून बी आली.”